वरच्या खळ्यावरची फुलं

पिपने बिस्किटांच्या ताटलीकडे ढुंकूनही न पाहता बोलायला सुरुवात केली, तेव्हाच थेल्मा स्टॅनिफोर्थने कान टवकारले. पिप ही हॉलिन वुडची वनरक्षक. नगरपालिकेच्या पगारावरची, तिशीची, स्वभावाने गोड, आणि बिस्किटांच्या बाबतीत लाजलज्जा सोडलेली. तिने खाण्याआधी बोलावं म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

मार्चमधली शनिवारची सकाळ होती आणि चॅपेलच्या मागच्या खोलीत 'हॉलिन वुडचे मित्र' जमले होते. शेफील्डमध्ये जवळजवळ प्रत्येक रानाला असं मित्रमंडळ आहे. निवृत्त माणसं घरात बसून एकमेकांचं डोकं खाण्यापेक्षा रानात येऊन राबतात, हा त्यातला खरा समाजोपयोगी भाग. वाटांवर लाकडाचा भुसा पसरायचा, बाकं रंगवायची, कुत्रेवाल्यांनी घाण पिशवीत भरून ती पिशवी फांदीला टांगलेली असते ती नाक दाबून काढायची. आणि महिन्यातून एकदा चहा पीत एकमेकांशी अतिशय सभ्यपणे भांडायचं. थेल्मा या मंडळात सगळ्यांत जुनी. ती कधी भांडत नसे, त्यामुळे तिचं मत काय आहे हे कुणाला माहीत नसे, आणि ते आपल्याच बाजूचं असणार असं प्रत्येकाला वाटे.

पिपचं म्हणणं असं होतं की ओढ्याकाठच्या जुन्या रानातली ब्लूबेलची फुलं बिघडायला लागली आहेत. आमची इथली अस्सल ब्लूबेल गर्द निळी, दांडा एका अंगाला वाकवून उभी राहणारी, आणि तिचा वास असा की मे महिन्यात ओढ्याकाठी गेलेला माणूस बोलता बोलता गप्प होतो. बागेत लावतात ती मूळची स्पेनची. ताठ, फिकी, चोहोबाजूंनी घंटा लटकवलेली, आणि वासाच्या नावाने शून्य. दोन्ही जवळ आली की मधमाशा आपलं काम करतात आणि पुढची पिढी धड ना इकडची ना तिकडची निपजते. गेल्या मेमध्ये पिपला अशी मिसळलेली फुलं ओढ्यापर्यंत दिसली होती.

"उगम सापडला मला," पिप म्हणाली. "वरच्या खळ्यावर मोठा पुंजका आहे. आत्ता पानं वर आलीत, चांगली रुंद पानं. बघताक्षणी कळतं. हे आपोआप आलेलं नाही. कुणीतरी बागेतले कंद आणून लावलेत, फार वर्षांपूर्वी."

"कुणीतरी महामूर्खाने," आर्नल्ड क्रुक्स म्हणाला.

थेल्माने चहात दोन चमचे साखर घातली. ती साखर घेत नाही.

पिपला तो पुंजका उपटून काढायचा होता. आता, एप्रिलच्या आत, फुलं यायच्या आधी. हे कंद दरवर्षी स्वतःला थोडं थोडं खाली ओढून घेतात, त्यामुळे हातभर तरी खणावं लागणार होतं. हे ऐकल्याबरोबर आर्नल्डने पेला खाली ठेवला. तो शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यावर वर्ग राहिला नाही, शिकवणं राहिलं. वरचं खळं ही त्याची जीव की प्राण अशी जागा. जुन्या काळी कोळसा पाडणाऱ्यांनी टेकडीच्या उतारावर कुदळीने एक गोल सपाट जागा कोरली होती. तिथे लाकडं रचायची, वरून गवताच्या ढेपा लिंपायच्या आणि आत विस्तव धुमसत ठेवायचा. त्या कोळशावर या शहराचं लोखंड वितळलं. पुढे दगडी कोळसा आला, कोळशेवाले गेले. त्यानंतर रान एका ड्यूकचं झालं, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याने ते शहराला फिरायला देऊन टाकलं. मग बँडचा चौथरा आला, पोरांना डुंबायचं तळं आलं, रविवारची गर्दी आली. खळ्यावरची माती मात्र अजून काळीच आहे. तिथे फावडं लागलं तर आर्नल्ड म्हणाला ते त्याच्या प्रेतावरून जाईल, आणि तेही रीतसर परवानगी घेऊन.

पिप म्हणाली की कोळशेवाले मेले, फुलं जिवंत आहेत. आर्नल्ड म्हणाला की फुलं दरवर्षी येतात, खळं एकदाच येतं. मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. या गदारोळात थेल्मा साखर घातलेला चहा ढवळत होती. तिच्या डोळ्यांपुढे ते खळं होतं, आणि त्यावर फावडं घेऊन उभा असलेला रेग होता. फावडं म्हणजे खरंतर चमचा.

रेग तिचा नवरा. थेल्मा बावीस वर्षांची असताना तिला मुलगी झाली ती मेलेलीच झाली. त्याला आता पन्नासएक वर्षं होऊन गेली. तेव्हा अशा बाळाला आईच्या नजरेस पडू देत नसत. तो दयाळूपणा समजला जाई. नर्सने कापडात गुंडाळलेलं काहीतरी खोलीबाहेर नेलं, एवढंच थेल्माने पाहिलं. ते कुठे पुरलं, कुणाशेजारी पुरलं, हे सांगायची पद्धत नव्हती आणि विचारायचीही नव्हती. रेग बाहेर व्हरांड्यात बसला होता. तो आत आला आणि तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिला. घरी जा, विसरून जा, वर्षाच्या आत दुसरं होईल, असं डॉक्टर म्हणाला. दुसरं झालं नाही.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत रेग एका रविवारी आपल्या जेवणाच्या डब्यात कंद घेऊन आला. त्याच्या आईच्या परसातले. पोलादाच्या भट्टीवर काम करणारा माणूस तो, फुलाझाडांतलं त्याला ओ की ठो कळत नसे. "खळ्यावर लावू," एवढंच तो म्हणाला. कशासाठी, हे थेल्माने विचारलं नाही. ती तेव्हा काटेचमचे घासून चकाकवण्याच्या कारखान्यात होती. तिथला एक नापास झालेला मोठा चमचा तिने बरोबर घेतला. लग्नाआधी दोघं त्या खळ्यावरच येऊन बसत, कारण तिथे सपाट जागा होती आणि खालून कुणाला दिसत नसे. रेगने गुडघ्यावर बसून काळी माती उकरली आणि एकेक कंद आत ठेवला. ब्लूबेल म्हणजे ब्लूबेल, इतकंच त्या दोघांना ठाऊक होतं. रान ब्लूबेलचं, म्हणून ब्लूबेल लावली. शहरातल्या कुठल्याही भल्या माणसाने हेच केलं असतं, आणि पुष्कळांनी केलंही आहे.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी रेग म्हणायचा, "वर जायचं ना?" मग दोघं फ्लास्कमध्ये चहा आणि मांसाचा लगदा लावलेलं सँडविच घेऊन वर जात. तिथे पोचलं की रेग डोक्यावरची टोपी काढायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा घालायचा. मुलीचा विषय निघत नसे. तो निघायची गरजच नव्हती, टोपी होती ना. पण रेग सोडून दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हतं. त्या मुलीला थडगं नव्हतं, तिचा फोटो नव्हता. जगात तिला आठवणारी माणसं फक्त दोन, आणि त्यांतलं एक माणूस गेली तीन वर्षं विसरत चाललं होतं.

रेग आता टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात होता. सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नसे. थेल्मा रोज जाई तेव्हा तो कधी तिला ओळखे, कधी खुर्ची देऊन अदबीने बसा म्हणे. पण मे जवळ आला की त्याच्या आत कुठेतरी काहीतरी हलायचं. मागच्या वर्षी आणि त्याच्या मागच्या वर्षीही त्याने आपणहून विचारलं होतं, "वर जायचं ना?" थेल्मा त्या एका प्रश्नासाठी अकरा महिने काढायची.

आणि ती फुलं चुकीची आहेत हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. मंडळात आल्यावर एका जुन्या वनरक्षकाने सगळ्यांना फुलाच्या आत बघायला शिकवलं होतं. अस्सल फुलाचा पराग सायीसारखा असतो, परक्याचा निळा. त्याच संध्याकाळी थेल्मा एकटी वर गेली, आणि पराग निळा होता. तेव्हापासून दर वर्षी रेगबरोबरचा रविवार झाला की ती दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन, बी धरायच्या आत, सगळे तुरे कापून टाकायची. मधमाशांना कोण अडवणार, पण बी तरी खाली जायला नको. मग तिचं कमरेचं हाड मोडलं, मग रेगचं हे सुरू झालं, आणि कात्री घेऊन टेकडी चढणं राहून गेलं. पिपने ओढ्याकाठी पाहिलेली फुलं त्या राहून गेलेल्या वर्षांची होती. ओढ्याकाठचं ते निळं रान थेल्माला स्वतःच्या घरापेक्षा प्यारं होतं. आपल्याच पोरीने ते नासवावं, असं तिला वाटायचं, आणि तसं वाटल्याची मग लाज वाटायची.

चॅपेलच्या खोलीत हात वर करायची वेळ आली. तीन हात खणायच्या बाजूने, तीन विरुद्ध. सगळे थेल्माकडे पाहू लागले. तिने नुसता हात खाली ठेवला असता तरी पुंजका वाचला असता. आर्नल्ड तर तिच्याकडे पाहून आधीच हसत होता.

"खणू नका," थेल्मा म्हणाली. "खळं राहू दे. पण फुलूही देऊ नका. दरवर्षी कळ्या आल्या की तुरे कापायचे. फूल नाही तर मधमाशी नाही. दहा-पंधरा वर्षांत कंद आपोआप दमतील."

एवढं लांब बोलणं तिच्या तोंडून मंडळाने पहिल्यांदाच ऐकलं. आर्नल्डचं खळं वाचलं, पिपचं रान वाचलं, कुणाचंच नाक कापलं गेलं नाही. आमच्या लोकांना न्यायापेक्षा तोडगा जास्त आवडतो. तोडगा निघाला की आम्ही पुन्हा चहा ओततो. पिपने एकदम तीन बिस्किटं उचलली आणि कापायचं काम अर्थातच थेल्माकडे द्यावं असं सुचवलं, कारण तिच्याइतकं विश्वासाचं दुसरं कोण. सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन थेल्मा कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. तिने स्वतःची समजूत घातली. कंद तर राहतील ना जमिनीत. थडग्यातलं माणूस तरी कुठे वर दिसतं? आणि रेगला या वर्षी आठवेलच असं काही नाही. पण हे शेवटचं मनात येताच तिला रडू फुटलं. त्याने विसरावं अशी इच्छा ती धरून बसली होती, हे तिला तेव्हा कळलं.

रेग विसरला नाही. एप्रिलच्या मध्यावर, दुपारच्या चहाच्या वेळी, पेला हातात धरून त्याने तिच्याकडे पाहिलं. "थेल," तो म्हणाला. कित्येक आठवड्यांत त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. "वर जायचं ना?"

"जायचं," थेल्मा म्हणाली.

आश्रमाच्या मुख्य बाईंनी तिला नंतर बाजूला घेतलं. रेगचं खाणं फार कमी झालं होतं, तो दिवसाचा बराच वेळ झोपून असायचा. बाहेर न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पुढच्या वर्षाचं आम्ही काही सांगू शकत नाही, असं त्यांनी तिचा दंड धरून सांगितलं. थेल्माने हे आधीच ओळखलं होतं. कुणीतरी मोठ्याने म्हणेपर्यंत ओळखलेलं बाजूला ठेवता येतं, एवढंच.

कळ्या दिसायला लागल्या तशी ती आणि पिप कात्र्या घेऊन वर गेल्या. ओकला नुकती पालवी फुटत होती. वाटेवर दोन सायकलवाली पोरं चिखलात घसरून एकमेकांना हसत होती, खाली तळ्याकडून कुणाच्यातरी कुत्र्याला मारलेल्या हाका येत होत्या. पुंजका तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा झाला होता, खळ्याच्या निम्म्याहून जास्त. पिप गुडघे टेकून भराभर कापायला लागली. ती बोलत होती, तिच्या बहिणीच्या लग्नाबद्दल काहीतरी. थेल्मा दुसऱ्या टोकाने कापत आली. प्रत्येक दांडा कापताना बारीकसा आवाज व्हायचा आणि बोटांना चिकट रस लागायचा.

शेवटी खळ्याच्या कडेला, हॉलीच्या काटेरी झुडपाच्या मुळाशी, एक दांडा उरला. पिपचं लक्ष गेलं आणि तिने कात्री पुढे केली.

"तो राहू दे," थेल्मा म्हणाली. "मी कापीन नंतर."

पिपने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्या कापलेल्या दांड्यांच्या अख्ख्या गोलाकडे पाहिलं. ही पोरगी बिस्किटं खाते म्हणून काही खुळी नव्हती.

"थेल्मा, ही तुम्ही लावली होती का?"

"रेगने लावली," थेल्मा म्हणाली. "मी चमचा दिला."

कशासाठी, असं पिपने विचारलं नाही, त्याबद्दल तिचे सगळे गुन्हे माफ. तिने कात्री खिशात ठेवली. मग ती म्हणाली की लाकडं न्यायच्या रस्त्याच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे आहे, आश्रमाची गाडी अगदी खळ्यापर्यंत येऊ शकते. फूल उमललं की ती कळवेल. त्या रविवारी ती स्वतः फाटकाशी उभी राहील. आर्नल्डला यातलं काही कळायचं कारण नाही.

मेमधला तो रविवार उन्हाचा निघाला. थेल्माने रेगचा चांगला कोट आश्रमात आदल्या दिवशीच नेऊन ठेवला होता. नोम्सा नावाची मदतनीस गाडी चालवत होती. तिने रेगला खुर्चीत बसवून त्याच्या गुडघ्यांवर ब्लँकेट घातलं आणि खुर्ची ढकलत खळ्याच्या कडेपर्यंत आणली. मग मी गाडीत बसते, तुमचं झालं की हात करा, असं म्हणून ती समजूतदारपणे निघून गेली. खाली ओढ्याकाठी अस्सल ब्लूबेल फुलली होती. तो वास वारा आला की वर येत होता आणि जात होता.

रेगने खळ्याकडे पाहिलं. थेल्मा खुर्चीला धरून उभी होती. तो विचारेल, फुलं कुठे गेली, आणि त्यावर काय सांगायचं याची तिने आठवडाभर मनात उजळणी केली होती. हिवाळा कडक गेला, हरणांनी खाल्ली, उशिरा येतील या वर्षी. यांतलं काहीच तिला आता तोंडातून काढवेना. कापलेल्या दांड्यांची टोकं उन्हात पिवळी दिसत होती.

रेगने काही विचारलं नाही. त्याने टोपीही काढली नाही. ती त्याच्या डोक्यावरच राहिली, आणि थेल्माला वाटलं, संपलं. शरीर आलं वर, माणूस नाही आला. आता मीच एकटी.

तेवढ्यात त्याला हॉलीच्या मुळाशी ते एक फूल दिसलं. तो खुर्चीतून वाकला. पडेल म्हणून थेल्माने त्याचा दंड धरला, पण त्याने शांतपणे हात लांब केला, दांडा अगदी बुडाशी पकडला आणि ओढला. दांडा करकर आवाज करत, पांढऱ्या टोकासकट बाहेर आला. हल्ली आमच्या रानात ब्लूबेल कुणी तोडत नाही. एखाद्या पोराने तोडलंच तर चार अनोळखी म्हातारे त्याला उभे धरतात. पण रेग लहान असताना मे महिन्यातल्या रविवारी लोक ट्राम भरभरून यायचे आणि कवेत मावतील तेवढी फुलं घरी न्यायचे. मुळापासून कसं ओढायचं हे तेव्हा प्रत्येक पोराला येत असे. त्याच्या हातांना ते अजून येत होतं.

फूल हातात धरून त्याने मान वर केली. थेल्माकडे पाहिलं ते अतिशय आदराने. ती नजर आपल्यासाठी नाही, हे तिला लगेच कळलं.

"सिस्टर," रेग म्हणाला, "एक काम कराल का? हे तिच्याजवळ ठेवाल?"

नीट ऐकू यावं म्हणून थेल्मा त्याच्याकडे वाकली.

"कापडात ठेवलंत तरी चालेल," तो म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, व्हरांड्यात बोलावा तसा. "तुम्ही मघाशी दाखवलीत, फार उपकार झाले. कुणी दाखवत नाही म्हणतात. माझ्या बायकोला मात्र सांगू नका हं मी पाहिलं ते. ती झोपलीय आत. तिला नाही सोसायचं."

"नाही सांगत," थेल्मा म्हणाली.

"जूडिथ म्हणायचं असं मी मनात धरलंय. तेही नका सांगू."

मुलीला नाव नव्हतं. मेलेल्या बाळाचं नाव लिहून घेत नसत, आणि घरात तिला हाक मारायची वेळच आली नव्हती. थेल्मा मनातल्या मनातसुद्धा तिला फक्त 'ती' म्हणत आली होती. आणि हा माणूस पन्नास वर्षं तिच्याशेजारी झोपला, उठला, भट्टीवर गेला, त्याने सँडविच खाल्लं, टोपी काढली, आणि सगळा वेळ त्याच्याजवळ एक नाव होतं आणि एक चेहरा होता. बायकोला सोसायचं नाही म्हणून त्याने दोन्ही एकट्याने सांभाळलं. ही तीन वर्षं थेल्मा त्याच्या विसरण्याला भ्याली होती ती दोघांची आठवण बुडेल म्हणून. तिच्याजवळ आठवण नव्हतीच कधी. तिने एक कापड पाहिलं होतं. मुलगी फक्त त्याने पाहिली होती.

ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. कमरेत कळ आली, ती तिने येऊ दिली. तिने त्याच्या हातातून फूल घेतलं आणि ते हात आपल्या हातात धरले.

"ठेवते तिच्याजवळ," ती म्हणाली. "मी स्वतः ठेवते. तुम्ही मला एवढं सांगा, कशी होती हो ती दिसायला?"

रेगने तोंड उघडलं. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि तो थेल्माच्या खांद्यावरून पलीकडे, झाडांकडे बघत राहिला. खालून ओढ्याकडचा वास आला आणि गेला. तिने त्याचे हात दाबले. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या नजरेत तोच आदर होता, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

"कोण?" त्याने विचारलं.

"जूडिथ," थेल्मा म्हणाली. "आपली जूडिथ."

"नाव छान आहे," रेग म्हणाला.